डॉ. सुभाष मुखोपाध्याय: महत्त्वाकांक्षेचा बळी की समितीचा?

वाटसरू
मंडळी, जीव घडवायला निघालेल्या शास्त्रज्ञाचा विषय निघाला की कुणीतरी भस्मासुर काढतोच. परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर चीनमधल्या त्या जनुक बदललेल्या जुळ्यांवरून वाद पेटला आणि एका काकांनी निकाल देऊन टाकला: देवाच्या कामात हात घातला की चटका बसणारच. तिथे गप्प बसलो (रविवारी त्यांच्याकडेच जेवायला असतो), म्हणून इथे लिहितोय.

मला आठवला तो वेगळाच माणूस. डॉ. सुभाष मुखोपाध्याय, कलकत्ता. जन्म १९३१, हजारीबागचा. एक पीएच.डी. कलकत्ता विद्यापीठाची, दुसरी १९६७ साली एडिंबराची. विषय प्रजननाची संप्रेरकं. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडात ओल्डहॅमला लुईस ब्राऊन जन्मली, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. आणि ३ ऑक्टोबर १९७८ ला कलकत्त्यात दुर्गा जन्मली. जगातलं दुसरं, भारतातलं पहिलं. करणारे तिघंच: सुभाषबाबू, अतिशीत तापमानाचं तंत्र सांभाळणारे सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य.

दुर्गा ठणठणीत मोठी झाली. सुभाषबाबूंचं काय झालं? नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक. समितीने सगळा दावा बनावट ठरवला. जपानहून काम मांडायचं आमंत्रण आलं, सरकारने जाऊ दिलं नाही. मग बदल्या. जून १९८१ मध्ये प्रजननशास्त्राच्या या माणसाला नेत्ररोगाच्या संस्थेत पाठवलं. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. वय ५०.

म्हणजे जे निर्माण केलं ते उलटलंच नाही. ते रांगत होतं, चालायला लागलं होतं, आणि निर्मात्याला त्याचं नावसुद्धा घ्यायची सोय नव्हती. तर प्रश्न असा: या शेवटात त्यांच्या महत्त्वाकांक्षेचा वाटा किती? माझं मत, शून्य. आता सोला मला.

कुणीतरी_आगाऊ
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पंतांची_सून
यावरून स्फुरलेला पंकज कपूरचा सिनेमा दूरदर्शनवर पाहिलेला. त्यात कुष्ठरोगाची लस होती, त्यामुळे आमच्या पिढीला डॉक्टर आठवतो पण त्याने नेमकं काय केलं ते माहीत नसतं. धाग्याबद्दल आभार. वाचनखूण साठवली.

घटोत्कच
कसलं पहिलं आणि कसलं दुसरं? आमच्याकडे शंभर कौरव तुपाच्या कुंभांत वाढवले होते.

लोलक
@घटोत्कच, एकशे एक. दुःशलेला दर वेळी यादीतून गाळता. आणि त्या शंभरांचं पुढे काय झालं तेही लिहा की, धाग्याच्या विषयाला धरूनच होईल.

घटोत्कच
हलके घ्या हो. :)

काट्यावर_काटा
शून्य? अजिबात सहमत नाही. मोठा दावा, पुरावा तुटपुंजा, बातमी आधी वर्तमानपत्रांत. विज्ञानात असं चालत नाही. तिघांनी एका खोलीत काहीतरी केलं, आई-वडिलांची नावं सांगणार नाही, बाळ दाखवणार नाही, मग शंका घेणाऱ्यांना खलनायक का ठरवायचं? ही घाई कशातून येते? पहिलं होण्याच्या हव्यासातून. समिती वाईट होती हे मान्य. पण सहानुभूती म्हणजे पुरावा नव्हे.

लोलक
काटेकाका, मुद्दा रास्त आहे. पण लुईस ब्राऊनचा पुरावा तरी किती होता? ऑगस्ट १९७८ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तिला घडवणाऱ्या एडवर्ड्स-स्टेप्टोंचं छोटंसं पत्र आलं, बस. आणि बातमी म्हणाल, तर ब्राऊन कुटुंबाची कहाणी एका वर्तमानपत्राला चक्क विकली गेली होती. त्याच एडवर्ड्सना १९७१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे नाकारले होते. फरक इतकाच की त्यांना नाही म्हणणाऱ्यांनी त्यांची बदली डोळ्यांच्या इस्पितळात केली नाही. खाजगी देणग्यांवर काम चालू राहिलं.

शिवाय सुभाषबाबूंनी काही छापलंच नाही असं नाही. १९७८ मध्येच मानवी भ्रूण गोठवून ठेवण्यावर या तिघांचा एक छोटा अहवाल आला होता. पण तो इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्समध्ये! तिथे वाचणारे कोण? कमी तापमानाची यंत्रं बनवणारे. पुढच्या वर्षी सायन्स काँग्रेसमध्येही त्यांनी काम मांडलं होतं.

काट्यावर_काटा
मी तेच म्हणतोय. चुकीच्या ठिकाणी छापलं.

वाटसरू
चुकीच्या नियतकालिकात छापण्याची शिक्षा काय असावी म्हणता?

गोलपार्कची_वहिनी
मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर कलकत्त्यात. थोडं इथलं सांगते.

सप्टेंबर १९७८ च्या शेवटी इथे भयंकर पूर आला होता. सासूबाई अजून सांगतात, गल्लीत कमरेएवढं पाणी, खालच्या मजल्यावरचा तांदळाचा डबा तरंगत जिन्यापर्यंत आलेला. ते पाणी ओसरतंय न ओसरतंय तोच नवरात्र लागलं आणि दुर्गा जन्मली. नाव कुठून आलं ते कळलंच असेल.

आई-वडिलांची नावं का लपवली हे काटेकाका विचारतायत. घर मारवाडी, सनातनी वळणाचं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, गर्भनलिकांत दोष. १९७८ मध्ये 'बाटलीत वाढवलेली पोर' हा शिक्का घेऊन मुलीला इथे कोण जगू देणार होतं? कुटुंबाने नाव उघड करायचं नाही असं सांगितलं आणि डॉक्टरांनी शब्द पाळला. समितीसमोर बाळ उभं केलं असतं तर कदाचित स्वतःची कातडी वाचली असती. हा हव्यास दिसतो का तुम्हाला? मला तरी नाही दिसत.

काट्यावर_काटा
वहिनी, हे मुद्द्याचं बोललात. शब्द पाळला याबद्दल आदरच आहे. पण मग जाहीर तरी कशाला केलं? आधी वर्षभर गप्प राहून तीन-चार केसेस करायच्या होत्या.

कुणीतरी_आगाऊ
काका, लुईस ब्राऊनच्या बातम्या रोज येत असताना आपल्याकडे तेच बाळ पाळण्यात असताना वर्षभर गप्प? मला तर पगारवाढ झालेली तासभर लपवता येत नाही.

गणिताचा_मास्तर
रच्याकने, सगळीकडे 'लुईसनंतर ६७ दिवसांनी' असं छापतात. २५ जुलै ते ३ ऑक्टोबर मोजून बघा. ७० येतात. एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं.

लोलक
मास्तर, दंडवत. मोजले. ७०.

परळकर
इथे केईएमचा उल्लेख अजून कसा नाही? आम्ही शाळेत घोकलं ते 'भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी: हर्षा, ६ ऑगस्ट १९८६, केईएम, मुंबई'. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार. माझी मावशी तेव्हा केईएममध्ये सिस्टर होती, दुसऱ्या वॉर्डात. ती सांगायची, त्या आठवड्यात ओळखीपाळखीचं जो तो 'बाळ बघायला सोडा' म्हणून मागे लागायचा, जणू राणीच्या बागेत नवीन प्राणी आलाय. गिरण्यांचा संप फसून परळची रया गेलेली, त्यात ही एक अभिमानाची बातमी. आता म्हणता ती पहिली नव्हती?

वाटसरू
@परळकर, खरी गंमत पुढेच आहे, आणि त्यातला अर्धा अभिमान परत तुमच्या परळलाच येतो.

आनंद कुमार हे परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते, आयसीएमआरची संस्था. हर्षाच्या जन्माचं श्रेय हिंदुजांबरोबर त्यांचं. १९९७ मध्ये ते एका परिषदेसाठी कलकत्त्याला गेले. तिथे त्यांच्या हातात सुभाषबाबूंची हस्तलिखित टिपणं पडली. ती त्यांनी वाचली, सुनीत मुखर्जींशी बोलले, दुर्गाच्या आई-वडिलांशी बोलले. त्यांना बोलायचं काहीच कारण नव्हतं. अकरा वर्षं 'पहिले' म्हणून त्यांचं नाव रुळलं होतं, आणि ज्याचा हक्क होता तो माणूस जाऊन सोळा वर्षं झाली होती. ते कागद फायलीत ठेवून परतीची गाडी पकडली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

त्याच वर्षी त्यांनी करंट सायन्स या विज्ञान नियतकालिकात सरळ लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचे शिल्पकार सुभाष मुखर्जी (म्हणजे आपले मुखोपाध्यायच). म्हणजे मी नव्हे. २००३ मध्ये, पंचवीस वर्षांची झाल्यावर, दुर्गा स्वतःच्या नावानिशी लोकांसमोर आली.

हिंदुजांच्या कामाचं मोल याने तसूभरही कमी होत नाही. नीट नोंदी असलेलं, पुन्हा पुन्हा करता येणारं काम केईएममध्ये उभं राहिलं आणि पुढे देशभर गेलं.

परळकर
हे माहीत नव्हतं. मावशी असती तर तिला वाचून दाखवलं असतं. आनंद कुमारांवर वेगळा धागा काढाच.

पंतांची_सून
+१. काढाच.

न्यू_जर्सीकर
अवांतर, पण याच विषयातलं. इकडे न्यूयॉर्कमध्ये १९७३ ला लँड्रम शेटल्स नावाच्या डॉक्टरने एका जोडप्याचं बीज आणि शुक्राणू एकत्र करून इन्क्युबेटरमध्ये ठेवले होते. वरिष्ठांची परवानगी नव्हती. विभागप्रमुखाला कळलं, त्याने ती नळी मागवली, उघडली आणि प्रयोग तिथेच संपवला. शेटल्सना नोकरी सोडावी लागली. जोडप्याने खटला भरला. योगायोग असा की खटला उभा राहिला तो १९७८ च्या जुलैत, लुईस जन्मली त्याच सुमाराला. ज्युरीने जोडप्याला ५० हजार डॉलर दिले.

तर हाताखालच्या माणसाच्या उद्योगांना घाबरणारा साहेब फक्त बंगालात असतो असं समजू नका.

काट्यावर_काटा
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे! शेटल्स लपूनछपून करत होता. वाटसरू यांच्या काकांनी ज्याच्यावरून सुरुवात केली तो चिनी शास्त्रज्ञ 'हे जियानक्वी'ही तसाच. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या परिषदेत उभा राहून सांगतो की मी जुळ्या मुलींचं सीसीआर५ जनुक भ्रूण असतानाच बदललं, एचआयव्ही होऊ नये म्हणून. बापाला एचआयव्ही होता, पण शुक्राणू धुऊन वापरले की बाळाला लागण होत नाही, हे तंत्र आधीपासून होतं. म्हणजे गरजच नव्हती. नैतिक मंजुरीचे कागद बनावट. बदल झाला तोही ठरवला होता तसा हुबेहूब नाही. कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये तीन वर्षं कैद आणि ३० लाख युआन दंड ठोठावला. २०२२ मध्ये सुटला. आणि त्या मुली? त्यांच्या पेशींत काय होऊन बसलंय ते त्या आयुष्यभर वाहणार, कदाचित त्यांची मुलंही. इथे निर्मितीलाच भोगावं लागतंय. मग समिती नको म्हणता?

लोलक
समिती नको असं कोण म्हणालं? ज्याला विषय कळतो असा माणूस अध्यक्षपदी हवा, एवढंच म्हणणं आहे. हे जियानक्वीच्या बाबतीत जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांनी त्याचेच तक्ते वाचून 'हे बघ, इथे चुकलंय' असं बोट ठेवलं. कलकत्त्यात रेडिओलहरींच्या तज्ज्ञाला स्त्रीबीजावर निकाल द्यायला बसवलं. उद्या माझ्या बायपासला पूल बांधणारा इंजिनिअर आणा, तोही नळ्यांचंच काम करतो.

घटोत्कच
हाहाहा, जबरी.

उणे_१९६
बरेच दिवस नुसती वाचत होते, आता राहवेना. मी पुण्यात एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण सांभाळणारी. (सदस्यनाम म्हणजे द्रव नायट्रोजनचं तापमान. आम्ही लोक एवढेच विनोदी असतो.)

आमच्याकडे सकाळचं पहिलं काम म्हणजे कॅनमध्ये पट्टी बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं दव धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. वहीत लिहायचं, सही करायची, दुसऱ्याने बघून सही करायची. भ्रूण ठेवलेल्या प्रत्येक स्ट्रॉवर (बारीक नळीवर) नाव, नंबर, तारीख. हे सगळं मी घरच्या घरी तीन माणसांत केलं आणि कुणी 'सिद्ध कर' म्हणालं, तर वही सोडून माझ्याकडेही दाखवायला फारसं काही नसेल. त्यामुळे काटेकाकांची शंका मला परकी नाही. १९७८ मध्ये मी असते तर मीही विचारलं असतं.

पण काय विचारलं असतं? 'पुन्हा करून दाखवा.' एक खोली द्या, इन्क्युबेटर द्या, दोन जाणकार बाजूला उभे करा आणि करू द्या. जमलं तर जमलं, नाही तर नाही. खोटं बोलणारा माणूस तिथेच पकडला जातो. समितीने हे केलं नाही. उलट ज्या माणसाचं म्हणणं तपासायचं त्याला प्रयोगशाळेपासूनच तोडलं. मला सगळ्यात राग याचा येतो. अपमानापेक्षा जास्त.

काट्यावर_काटा
हे पहिलं उत्तर जे मला पटलं. पुन्हा करून दाखवायची संधी द्यायला हवी होती. मान्य.

नाव_नको
हे वाचताना कसंसंच झालं. माझा मुलगा फ्रोझन ट्रान्सफरचा आहे, म्हणजे गोठवलेला भ्रूण नंतर गर्भाशयात ठेवून झालेला. आधीचं सायकल फसलं, मग डॉक्टर म्हणाले, भ्रूण गोठवून ठेवू, शरीर जरा शांत होऊ दे. दोन महिन्यांनी ट्रान्सफर केली. तो आता दुसरीत आहे आणि आत्ता शेजारी बसून पेन्सिलीला टोक करून करून तिची काडी करतोय.

माझ्या सासरी आजही कुणाला माहीत नाही. सासूबाईंना वाटतं नवस फळला. मी आणि नवरा गप्प. तेव्हा १९७८ च्या त्या आईला कुणी नावं ठेवू नका. आपण अजून तिथेच आहोत.

एक विचारायचं होतं, उणे_१९६ ताई: मला केलं तसं गोठवून नंतर ठेवणं, ते त्यांनी तेव्हाच केलं होतं का?

उणे_१९६
हो. दुर्गा गोठवलेल्या भ्रूणापासूनच झाली. बाकी जगात गोठवलेल्या भ्रूणापासूनचं बाळ १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलं. म्हणजे सुमारे साडेपाच वर्षांनी.

आणि तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, शरीर शांत होऊ दे, नेमका तोच विचार.

कुणीतरी_आगाऊ
साडेपाच वर्षं!! आणि समिती म्हणे बनावट.

काट्यावर_काटा
आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धागाकर्ते 'शून्य'वर अडून बसलेत. बघा, या माणसाने एकाच केसमध्ये तीन नव्या गोष्टी केल्या. संप्रेरकं टोचून जास्त बीजं तयार केली. ती लॅप्रोस्कोपऐवजी (पोटातून घालायच्या दुर्बिणीऐवजी) योनीमार्गे काढली. वर भ्रूण गोठवले. एडवर्ड्स-स्टेप्टोंनी लुईसच्या वेळी नैसर्गिक मासिक चक्रातलं एकच बीज घेतलं, गोठवागोठवी नाही. जो शहाणा असतो तो एका वेळी एक पाऊल टाकतो. तिन्ही एकदम करणं ही महत्त्वाकांक्षा नाही तर काय? त्यामुळेच कुणाचा विश्वास बसला नाही. एक-दोन गोष्टी कमी केल्या असत्या तर कदाचित आज त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात असतं. १०० टक्के नाही म्हणत, पण ३० टक्के त्यांच्या माथी टाकाच.

वाटसरू
आकडेवारी कुठून काढलीत काका? पण मुद्दा चांगला आहे, मला उत्तर सुचत नाहीये. ताई?

उणे_१९६
सुचतंय, थांबा. गॅसवर दूध होतं.

काका, त्या तीन हौशी नव्हत्या, एकातून दुसरी निघालेली होती. त्यांच्याकडे एकच बीज घेऊन नशीब आजमावायची चैन नव्हती. ओल्डहॅमवाल्यांनी एकाच्या भरवशावर किती प्रयत्न वाया घालवले ते बघा. म्हणून संप्रेरकं. पण संप्रेरकं दिली की त्या चक्रात गर्भाशयाचं अस्तर बिनसतं, भ्रूण रुजत नाही. एडवर्ड्सही याच भिंतीवर आपटले होते, आणि म्हणूनच ते नैसर्गिक चक्राकडे वळले. सुभाषबाबूंनी दुसरी वाट काढली: भ्रूण थांबवा, बाई पूर्वपदावर येऊ द्या, पुढच्या एखाद्या साध्या चक्रात ठेवा. आता थांबवायचा म्हणजे गोठवणं आलंच. ते गाळलं तर पहिली पायरीच फुकट जाते. योनीमार्ग का? त्या वाटेने जायला महागडा लॅप्रोस्कोप लागत नाही. आज आम्ही बीजं काढतो तीही योनीमार्गेच, फक्त सोबत सोनोग्राफी असते. आणि संप्रेरकं, गोठवणं, नंतर ठेवणं हा क्रम? गेल्या आठवड्यात आमच्याकडे झालेल्या बहुतेक ट्रान्सफर याच क्रमाने झाल्या.

एडिंबराला संप्रेरकांवर पीएच.डी. केलेल्या माणसाला हे सुचणं साहजिक होतं. समितीत संप्रेरकं कळणारं कुणी असतं तर तिन्ही गोष्टी एकत्र बघून त्याला संशय येण्याऐवजी खात्री पटली असती.

काट्यावर_काटा
हम्म. ३० चे १० करतो. त्याच्या खाली येणार नाही, पत्रकार येण्याआधी वही दोघा-तिघा बाहेरच्या जाणकारांना दाखवायलाच हवी होती. जेवून येतो, मग उरलेल्या १० वर भांडू.

नाव_नको
ताई, थँक्यू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सवडीने बघा.